व्हॉल्व्ह मिटल्यानंतरचा हिशेब

कॅश क्रेडिट खात्याच्या प्रत्येक फायलीवर दोन आकडे असतात. पहिला मंजूर मर्यादेचा. तो ठळक, सहीशिक्क्यासह आणि खातेदाराला तोंडपाठ असतो. दुसरा ड्रॉइंग पॉवरचा. तो दर महिन्याला बदलतो आणि खातेदार सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पाच लाखांची मर्यादा मंजूर झालेला व्यापारी गावभर पाच लाखांच्या रुबाबात हिंडतो; पण महिनाअखेरीस गोदामात चारच लाखांचा माल असेल आणि बँकेने पंचवीस टक्के मार्जिन राखले असेल, तर त्याला प्रत्यक्षात उचलता येतात तीन लाख. उरलेले दोन लाख कागदावर असतात, तिजोरीतही असतात, पण त्याच्या उपयोगाचे नसतात. हे समजावून सांगण्यात माझी नोकरीतली किती दुपार गेली असेल, याचा हिशेब मात्र मी कधी ठेवला नाही.

मोटारसायकलच्या इंजिनातही हेच दोन आकडे असतात, हे मला निवृत्तीनंतर देवळ्यात समजले. पहिला आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात, आपण दाबाचे प्रमाण म्हणू. दुसरा कुठेही छापलेला नसतो. तो आपला आपण काढावा लागतो. त्याचे नाव डायनॅमिक कॉम्प्रेशन रेशो. नाव भारदस्त आहे आणि, पुढे सांगेन, थोडे फसवेही आहे. पण कॅमशाफ्ट बदलू पाहणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी हा दुसरा आकडा काढला नाही, तर हौसेचे मोल दामदुप्पट पडते.

हौस माझी नव्हे, भाच्याची. त्याच्याकडे जुनी बुलेट आहे. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या इंजिनाची, साडेतीनशेची. गिअर उजव्या पायाला आणि डाव्या मुठीपाशी तो छोटासा डीकॉम्प्रेशनचा खटका. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली आणि या इंजिनाचा मूळ नकाशा पुढे अर्धशतक फारसा बदलला नाही. ज्यांनी ती गाडी चालवली आहे त्यांना तिला सुरू करण्याचा विधी आठवत असेल. किक हलकेच दाबायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की खटका ओढायचा, किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा आणि मग एक सणसणीत लाथ. विधी चुकला तर गाडीच उलट लाथ घाली. आमच्या कसमादे पट्ट्यात विहिरीवरच्या डिझेल इंजिनांनाही असाच खटका असे. हँडल मारणारा गडी आधी तो उचलून ठेवी, चाकाला वेग आला की खाली टाकी, आणि इंजिन पहिला धूर सोडून बोलू लागे. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला तेव्हापासून ही दृश्ये शेताशेतात होती. मी स्वतः अशा इंजिनांची कर्जे मंजूर केली आहेत आणि तपासणीच्या नावाखाली मळ्यातली कोवळी काकडीही खाल्ली आहे.

तो खटका करतो काय? फक्त एक व्हॉल्व्ह उघडा धरतो. व्हॉल्व्ह उघडा असेल तर पिस्टन कितीही वर जावो, हवा दाबली जात नाही. ती भोकातून निघून जाते. म्हणून हँडल हलके फिरते. या लेखात पुढे जे काही आहे, ते सारे या एका वाक्यात आहे.

आता सायकलचा हातपंप डोळ्यांसमोर आणा. पुढच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकलला की आत हवा दाबली जाते आणि पंप कोमट होतो. समजा, त्या पंपाच्या नळीला बाजूने, मागच्या टोकापासून चार बोटांवर, एक भोक पाडले. आता दांडा ढकलला तर पहिली चार बोटे काहीच होणार नाही. हवा भोकातून फुसफुसत बाहेर जाईल. वॉशर भोकाच्या पुढे सरकला की तेथून खरे दाबणे सुरू होईल. पंपाची लांबी तीच, दांड्याची धाव तीच. पण कामाची धाव चार बोटांनी कमी.

इंजिनात ते भोक म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, ज्यातून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली जातो तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडा असतो, हे कोणालाही पटेल. पण पिस्टन तळाला टेकून पुन्हा वर निघाला तरी तो बराच वेळ उघडाच असतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही भाच्याने सांगितले तेव्हा वाटले, इंजिन बनवणाऱ्याला एवढे कळू नये?

कळते, आणि चांगलेच कळते. देवळ्याच्या स्टँडवर बाजारच्या दिवशी एसटी लागली की काय होते ते पाहा. दारातून माणसांचा लोंढा आत घुसत असतो. आत जागा भरली, तरी मागच्यांचा रेटा असा असतो की आणखी दहा-पंधरा माणसे कोंबली जातात. कंडक्टरने दार थोडे उशिरा लावले तर गाडी अधिक भरते. पण तीच गाडी भरदुपारी, रेटा नसताना, दार उघडे ठेवून उभी केली, तर आत बसलेलेच दोघे-चौघे पान खायला खाली उतरतात. इंजिन वेगात असते तेव्हा आत येणाऱ्या हवेला असा रेटा असतो. व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर पिस्टन वर येत असतानाही हवा आत घुसत राहते आणि ताकद वाढते. इंजिन सावकाश चालते तेव्हा रेटा नसतो. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो.

व्हॉल्व्ह कधी उघडावा आणि कधी मिटावा हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि उंचवटा आला की व्हॉल्व्ह उचलला जातो. जुन्या बुलेटमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टला दोन वेगवेगळे छोटे कॅम, गिअरच्या चक्रांवर बसवलेले. शर्यतीचा कॅम म्हणून जो विकला जातो, त्यात व्हॉल्व्ह अधिक उचलला जातो आणि अधिक वेळ उघडा राहतो. अधिक वेळ म्हणजे बहुधा अधिक उशिरा मिटतो.

हा कॅमशाफ्ट परदेशातूनच येत असेल, असा आपला एक समज असतो. आपल्या सोलापुरात, चादरींच्या आणि शेंगाचटणीच्या सोलापुरात, यतीन शहा यांनी १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली आणि तिथले कॅमशाफ्ट जगातल्या नामांकित मोटार कंपन्यांच्या इंजिनांत गेले. २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. ओतकामाची एक गंमत मला फार आवडली. कॅमचा उंचवटा सतत घासला जातो, म्हणून त्याचा पृष्ठभाग अतिशय कठीण हवा. पण सारा दांडाच तसा केला तर तो ठिसूळ होईल. म्हणून साच्यात उंचवट्याच्या जागी धातूचे थंड तुकडे ठेवतात. तापलेला रस तेथे झटकन गोठतो आणि कातडी कठीण होते. आतला गाभा मात्र सावकाश निवतो आणि चिवट राहतो. माणसे घडवण्याची अशी सोय असती तर आमच्या वसुली विभागाला बरे झाले असते. असो.

भाच्याचे प्रकरण असे होते. गेल्या हंगामात कांद्याला बरा भाव लागला आणि हातात थोडे पैसे खुळखुळले. त्याने मोबाइलवर पाहून दोन वस्तू पसंत केल्या. एक शर्यतीचा कॅम आणि दुसरा वर फुगीर माथा असलेला पिस्टन, ज्याने दाबाचे प्रमाण नऊला एक होईल असे विक्रेत्याचे म्हणणे. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते. “मामा, यंदा पिस्टन टाकतो, पुढच्या साली कॅम,” तो म्हणाला. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, ओट्यावर तंबाखू मळत होते. “गाडी चालते ना? मग तिच्या पोटात हात कशाला घालतो?” एवढेच बोलून ते गप्प बसले. सून आतून म्हणाली, “मामंजी, गडावर जायचंय त्या गाडीवर, एवढं ध्यानात असू द्या म्हणावं.” गड म्हणजे सप्तशृंग. नांदुरीपासूनची चढण ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

मी म्हटले, हिशेब करू या. हिशेबाला पैसे पडत नाहीत.

बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ घनसेंटिमीटर येतात. आपण त्याला साडेतीनशे म्हणतो. जुन्या इंजिनाचे छापील दाबाचे प्रमाण साडेसहाला एक. याचा अर्थ पिस्टन माथ्यावर गेल्यावर वर जी पोकळी उरते ती ६३ घनसेंटिमीटर; कारण ३४६ अधिक ६३ भागिले ६३, उत्तर साडेसहा. ही झाली मंजूर मर्यादा.

आता ड्रॉइंग पॉवर. समजा, मूळ कॅम पिस्टन तळाला टेकल्यानंतर क्रँक ६० अंश फिरल्यावर इनटेक मिटवतो. त्या वेळी पिस्टन किती वर आलेला असेल? येथे अंशांची थेट वाटणी चालत नाही, कारण पिस्टन आणि क्रँक यांच्यामध्ये कनेक्टिंग रॉड आहे आणि तो तिरपा होत जातो. त्रिकोणमितीचे सूत्र आहे, पण आम्ही ते बाजूला ठेवले. भाच्याची मुलगी आठवीत आहे. तिच्या कंपासपेटीतून कंपास आणि कोनमापक घेतला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निम्म्या मापाने चित्र काढले. धावेच्या निम्मा, म्हणजे ४५ मिलिमीटर त्रिज्येचा क्रँकचा वर्तुळमार्ग, त्याच्या मध्यातून उभी रेघ. रॉडची लांबी मध्यापासून मध्यापर्यंत १७५ धरली. वर्तुळावर ६० अंशांची खूण करून तेथून रॉडच्या लांबीचा कंस उभ्या रेघेवर मारला, की तेथे पिस्टन. पोरीने पाच मिनिटांत उत्तर दिले: पिस्टन १८ मिलिमीटर वर आलेला आहे, ७२ शिल्लक आहेत. नंतर सूत्राने पडताळले, ७१.९ आले. ज्याला हे आपल्या इंजिनासाठी करायचे आहे त्याने रॉड स्वतः मोजूनच घ्यावा.

म्हणजे नव्वदातली अठरा मिलिमीटर धाव फुकट गेली. खरे दाबणे सुरू होते ते ७२ वर. त्या धावेत २७७ घनसेंटिमीटर मावतात. २७७ अधिक ६३ भागिले ६३, उत्तर ५.४. कागदावर साडेसहा, हातात पाच पूर्णांक चार.

आता शर्यतीचा कॅम घाला. विक्रेत्याच्या तक्त्यात तो ८० अंशांवर मिटतो असे होते. पोरीने पुन्हा कंस मारला. पिस्टन साडेएकतीस मिलिमीटर वर आलेला, शिल्लक साडेअठ्ठावन्न. प्रमाण उतरले ४.६ वर. छापील आकडा साडेसहाच राहिला. कोणी विचारले तर साडेसहाच सांगायचा. पण भावडबारीच्या घाटात मागे बायको आणि पुढे टाकीवर पिशवी घेऊन गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असेल, तेव्हा ती पहिल्यापेक्षा मेंगळट होईल. नवा कॅम घालून गाडी मंदावली अशी तक्रार करणारे पुष्कळ असतात. त्यांच्या कॅममध्ये बहुधा दोष नसतो. तो कॅम वरच्या वेगासाठी कापलेला असतो, आणि तेथवर आमच्या रस्त्यांवर जायचे कधी?

बरे, पिस्टन आधी घातला तर? नऊला एक. वरची पोकळी ४३ घनसेंटिमीटरांची. मूळ कॅम तसाच ठेवला तर दुसरा आकडा येतो ७.४. पाच पूर्णांक चारवरून सात पूर्णांक चार! अमेरिकेतल्या गाड्यांची इंजिने फुलवणाऱ्या मंडळींत पंपावरच्या साध्या पेट्रोलला साडेसात ते साडेआठपर्यंत चालते असा एक ठोकताळा आहे. भाचा लगेच म्हणाला, “मग बसतं की मामा!” पण तो ठोकताळा प्रामुख्याने पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींच्या इंजिनांसाठी आहे. बुलेटचे इंजिन बिडाचे, वाऱ्यावर निवणारे. घाटात वेग कमी, वारा कमी, भार जास्त आणि एप्रिलचे ऊन. तेथे मोटारीचा आकडा तिला लावायचा म्हणजे नाशिकच्या व्यापाऱ्याची पत पाहून विठेवाडीच्या शेतकऱ्याला कर्ज देण्यासारखे आहे.

जास्त दाबाने होते काय? ठिणगी पडल्यावर आग मिश्रणात एका बाजूने दुसरीकडे सरकत जाते. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली तर आग पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण एकदम आपोआप पेटते. डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो या अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याच्या मुळाशी जाण्यात वर्षे घालवली. दाबाचे प्रमाण चालू इंजिनात बदलता येईल असे एक प्रयोगाचे यंत्रच त्याने बनवले. पेट्रोल कितपत दाब सोसते याच्या मोजमापातून पुढे ऑक्टेनचा आकडा आला. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली याला शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले की नॉकिंग थांबते असे आढळले, आणि त्या शिशाचे विष जगाने काही दशके श्वासातून घेतले. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. नॉकिंग दुर्लक्षून गाडी दामटली तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगांमधला भाग तुटतो, वेळप्रसंगी भोक पडते. कांद्याचे पैसे त्या भोकातून जातात.

थोडक्यात, एकटा कॅम घातला तर गाडी सुस्त आणि एकटा पिस्टन घातला तर ती खणखणणार. दोन्ही एकत्र घातले तर दुसरा आकडा ६.२ येतो. कॅम आणि दाब ही जोडी आहे. एकाचे लग्न यंदा आणि दुसऱ्याचे पुढच्या साली, असे करता येत नाही. हे कॅलेंडरच्या पाठीवर दिसले तेव्हा भाचा बराच वेळ त्याकडे बघत बसला. दाजींनी तंबाखूची चिमूट ओठात ठेवली. त्यांचा चेहरा बँकेत प्रस्ताव फेटाळणाऱ्या विभागीय व्यवस्थापकासारखा समाधानी दिसत होता.

येथे नावाच्या फसवेपणाबद्दल सांगितले पाहिजे. ‘डायनॅमिक’ म्हणजे गतिमान. पण या हिशेबात गती कोठेच नाही. इंजिन बंद ठेवून, कंपासने काढता येणारा हा शुद्ध भूमितीचा आकडा आहे. चालू इंजिनात हवेचा रेटा, सायलेन्सरची ओढ, कार्बोरेटरचे तोंड हे सारे त्यात मिसळते, आणि वरच्या वेगात सिलिंडर या आकड्यापेक्षा कितीतरी चांगला भरतो. म्हणून हा आकडा मुख्यतः खालच्या आणि मधल्या वेगातले इंजिन कसे वागेल ते सांगतो. त्याला शेवटचे उत्तर समजणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण तो काढायलाच नको म्हणणाऱ्यांशी तर मुळीच पटत नाही. आणखी एक खाच आहे. कॅमच्या तक्त्यात मिटण्याचा कोन कोणी व्हॉल्व्ह पूर्ण टेकल्यावरचा देतो, तर कोणी व्हॉल्व्ह एक मिलिमीटर उचललेला असतानाचा. दोन्हींत वीस-वीस अंशांचा फरक पडू शकतो. एका कॅमचा एक कोन आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन तुलना केली तर ती एका वर्षाचा तात्पुरता ताळेबंद दुसऱ्या वर्षाच्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी लावल्यासारखी होते. विक्रेत्याला आधी हे विचारावे. उत्तर देता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

मग आम्ही मिस्त्रीकडे गेलो. वयस्क माणूस, हाताला कायम ग्रीस, बोलणे मोजके. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “साहेब, पुस्तकातलं इंजिन अन् या गाडीतलं इंजिन एकच हे कोण म्हणलं तुम्हाला?” तीस वर्षे मी गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय ड्रॉइंग पॉवर दिली नव्हती. मला तो माणूस तत्क्षणी आवडला.

त्याने हेड उतरवले. सिलिंडर दोनदा रिबोअर झालेला निघाला; व्यास ७० नव्हे, ७१. हेडचा तळही मागे कोणीतरी लेथवर घासून घेतलेला. वरची पोकळी मोजायला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली. हेडवर व्हॉल्व्ह बसवून, कडेला ग्रीस लावून, वर भोक पाडलेला काचेचा तुकडा चिकटवला आणि भोकातून सिरिंजने रॉकेलसारखे पातळ तेल काठोकाठ भरले. किती गेले ते सिरिंजवरच वाचायचे. त्यात गॅसकेटच्या जाडीची आणि पिस्टनच्या माथ्याची बेरीज-वजाबाकी करून आकडा आला ५८. धावेचे आकारमान आता ३५६. म्हणजे छापील साडेसहाची ही गाडी प्रत्यक्षात ७.१ ची होती, आणि मूळ कॅमवर तिचा दुसरा आकडा ५.४ नव्हे, ५.९ होता. भाच्याला कोणी न सांगता, फुकटात, निम्मी हौस मागच्या मालकाने भागवून ठेवली होती. मग मधल्या प्रकारचा, ६८ अंशांवर मिटणारा कॅम घेऊन हिशेब केला. आकडा आला ५.६. कारखान्यातून बाहेर पडताना कागदावर होता त्याहून थोडा वरच. पिस्टन घ्यायला नको, हेड घासायला नको, फक्त कॅम. ज्या थोराड कॅमवर त्याचा जीव जडला होता तो या इंजिनात घातला असता तर आकडा पाचवर आला असता.

ऑक्टेनचाही विषय निघालाच. भाच्याचे मत असे की महागडे पेट्रोल घातले की गाडी पळते. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले तेव्हापासून हे मत गावोगाव पक्के झाले आहे. पण ऑक्टेन ताकद देत नाही. ते दाब सोसण्याची सहनशक्ती देते. दुसरा आकडा ज्या इंजिनाचा ५.६ आहे त्याला ती सहनशक्ती लागतच नाही. उसाच्या आणि धान्याच्या इथेनॉलचेही तसेच. त्याचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच वर, म्हणून वीस टक्के मिश्रण दाब अधिक सोसते. पण लिटरमागे ऊर्जा कमी, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या मिस्त्रीने हिशेबाच्या बाहेर, न विचारता बदलल्या. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी. त्यामुळे ठाण्यात खणखणणारे इंजिन आमच्याकडे गप्प राहू शकते. ते घेऊन कोकणात उतरणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे.

मला या सगळ्यात सर्वांत मौजेचे वाटले ते वेगळेच. ज्या उशिरा मिटण्यामुळे आमचा भाचा फसणार होता, तोच उशीर काहींनी मुद्दाम वापरला आहे. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रजाने १८८० च्या दशकात असे इंजिन बनवले की ज्यात दाबण्याची धाव छोटी आणि जळल्यानंतर पसरण्याची धाव लांब. म्हणजे जळालेल्या वायूकडून शेवटचा आणाही वसूल करायचा. त्याची दांड्यांची रचना गुंतागुंतीची होती. शंभरावर वर्षांनी, १९९७ मध्ये, टोयोटाने जपानमध्ये प्रियस ही गाडी आणली तेव्हा तोच परिणाम साध्या कॅमने साधला: इनटेक फार उशिरा मिटवायचा. छापील प्रमाण तेराला एक, पण प्रत्यक्ष दाब त्याहून पुष्कळ कमी, म्हणून नॉकिंग नाही. पसरताना मात्र पूर्ण तेराचा लाभ. खालच्या वेगात जी ताकद कमी पडते ती विजेची मोटर भरून काढते. मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर यांतल्या फरकावरच कमाई करणारा असा ग्राहक मला बँकेत कधी भेटला नाही. भेटला असता तर मी त्याच्यावर कादंबरी लिहिली असती.

कायद्याचेही पाहून घेतले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपत्रात जे तपशील लिहिले आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक निर्णय दिलेला आहे. सायलेन्सरला हात लावायचा नाही, धुराची तपासणी वेळेवर करायची, हे दाजींनी अट म्हणून घातले आणि भाच्याने मान्य केले.

कॅम बसवण्याचा दिवस मी चुकवला नाही. क्रँकच्या टोकाला पुठ्ठ्यावर चिकटवलेली अंशांची चकती लावली. ती पोरीनेच काढली होती. पिस्टनच्या माथ्यावर तिच्याच खेळातल्या मातीचा गोळा थापून, हेड लावून, इंजिन हाताने दोनदा फिरवले आणि हेड पुन्हा काढले. अधिक उचलणारा व्हॉल्व्ह पिस्टनला कोठे भेटतो का ते मातीवर उमटलेल्या ठशावरून कळते. मिस्त्रीने ब्लेडने ठसा कापून उरलेली जाडी मोजली. दोन मिलिमीटरांच्या वर होती. तरी त्याने पुन्हा एकदा फिरवून पाहिले. मग इनटेक मिटतो कोठे ते चकतीवर वाचले: ६८ ऐवजी ७१. तक्त्यात एक आणि धातूत दुसरे. टायमिंगच्या गिअरचा एक दात बदलला असता तर फरक फार मोठा झाला असता, म्हणून ७१ वरच ठेवले. मी कॅलेंडर पालटून ७१ चा हिशेब मांडू लागलो, तोवर पोरीने सांगून टाकले, “साडेपाच होईल, आजोबा. थोडंसंच कमी.”

पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवायचे ठरले. त्यानंतर भाचा आणि सून पहाटे निघून गडावर जाऊन आले. घाटात खडे वाजले नाहीत, तिसऱ्या गिअरमध्येच बहुतेक चढण गेली, आणि कळवणच्या पुढच्या सपाट रस्त्यावर गाडी पूर्वी जेथे कुरकुरायची तेथे मोकळी धावली. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षा किंचित जास्त लागते. सून त्याची नोंद घरखर्चाच्या वहीत करते आहे.